मुलगा कॅमेऱ्यासमोर बसतच नाही, मग सेशन कोणाशी करायचं?

ऑनलाइन समुपदेशन घ्यायला लागल्यापासून हा प्रश्न इतक्या आईवडिलांकडून ऐकलाय की समोरून "मॅडम, जरा अडचण झालीय" असं आलं की पुढचं वाक्य मला पाठ असतं. वेळ ठरते, लिंक जाते आणि ऐनवेळी पोरगं म्हणतं, मी नाही बसणार, तुमचं तुम्ही बोला. मग आई ओशाळून एकटीच स्क्रीनवर दिसते. काहीजण तर तिथेच सेशन कॅन्सल करायला निघतात, ज्याला गरज आहे तोच नाही तर आम्ही बसून काय करणार म्हणून.

माझं उत्तर ठरलेलं. तुम्ही आलात ना, मग बसू. घरात ज्याला जास्त त्रास होतोय आणि ज्याची काहीतरी वेगळं करून बघायची तयारी आहे त्याच्यापासून सुरुवात करायची, आणि हा माणूस बहुतेक वेळा मूल नसतोच.

एक केस सांगते, परवानगी घेऊन आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. मुलगा 14 वर्षांचा. रात्री उशिरापर्यंत गेम, सकाळी उठवता उठवता आईचा जीव जातो, मार्क घसरलेत, काही विचारलं की दार आपटतो. वडील नोकरीमुळे दुसऱ्या शहरात, म्हणून ते दुसऱ्या खिडकीत. आईची तक्रार एका ओळीची, "तो आमचं ऐकतच नाही."

आता ऑनलाइन म्हटलं की नाक मुरडणारे बरेच आहेत, पण समोर खुर्चीत बसवून जे मला कधीच दिसलं नसतं ते इथे आपोआप दिसतं. एकदा बोलता बोलता आई उठली, म्यूट करायला विसरली, आणि मला बाहेरून ऐकू आलं, "जेवलास का? चार्जर कुठे टाकलास? टेस्टचं काय झालं? अंघोळ कधी करणारेस?" आतून काहीच नाही, मग एकदम मोठ्याने, "हो गं, कटकट नको करू!" आई परत येऊन बसली. "ऐकलंत ना मॅडम?"

"ऐकलं. तो ओरडल्यावर तुम्ही काय केलंत?"

"काय करणार, आले परत."

"म्हणजे तो ओरडला आणि प्रश्न थांबले."

ती जरा थांबली. "म्हणजे मीच शिकवतेय त्याला ओरडायला?"

"तोही तुम्हाला शिकवतोय. चौथ्यांदा आवाज चढवल्याशिवाय तो जागचा हलत नाही, हे तुम्ही कोणाकडून शिकलात?"

यावर ती चक्क हसली, आणि आईबाप एकदा असं हसले की मला काळजी वाटेनाशी होते. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी घरोघरी जाऊन नेमके हेच प्रसंग टिपले होते, पालक मागणी करतात, मूल चिडतं, पालक माघार घेतात, दोघांनाही क्षणभर शांतता मिळते आणि म्हणूनच दोघंही उद्या तेच करतात. यात कोणी वाईट नसतं.

पण खरी गाठ वेगळीच होती. प्रत्येक भांडणानंतर वडील मुलाला मेसेज टाकायचे, "आईचं मनावर घेऊ नको, मी बोलतो तिच्याशी." आई मुलाला म्हणायची, "थांब, बाबांना सांगते." मुलगा मधल्यामध्ये पोस्टमन. एका सेशनला दोघंही होते, दोघंही मुलाबद्दलच सांगत होते, एकमेकांचं वाक्य तोडत. मी सहज विचारलं, मुलाचा विषय सोडून तुम्ही दोघं शेवटचं कशावर बोललात?

दोन्ही खिडक्यांत कोणी हलेना. मला वाटलं नेट गेलं, वडिलांच्या मागचा पंखा फिरताना दिसला तेव्हा कळलं की नेट चालू आहे. मी मुद्दाम काहीच बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकाने जीभ आवरावी हे माझं जुनं मत आहे. बऱ्याच वेळाने वडील म्हणाले, "तोच एक विषय उरलाय मॅडम आमच्यात." आणि आई कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाली, "तो नीट वागायला लागला तर यांचा फोन तरी येईल का, माहीत नाही."

ते वाक्य ऐकलं आणि मला सगळं घर एकदम दिसलं. कुटुंबोपचारातले मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन हे माझे आवडते, त्यांचं म्हणणं असं की दोघांमधला ताण दोघांना झेपेनासा झाला की तिसरा आत ओढला जातो. मूल हे ठरवून करत नाही. पण त्याच्या बिघडण्याने आईबाबा एका कॉलवर येत असतील तर सुधारण्याची त्याला घाई कशाला असेल?

त्यानंतर मी मुलाबद्दल जवळपास काहीच काम दिलं नाही. दोघांनी रोज फोन करायचा आणि पहिली 15 मिनिटं त्याचं नाव काढायचं नाही. (पहिल्या आठवड्यात म्हणे तीन मिनिटांत विषय संपायचे.) वडिलांनी आईच्या पाठीमागे मेसेज टाकणं बंद, आधी दोघांचं ठरवा मग दोघंही एकच सांगा. आईने भिंतीपलीकडून हाका न मारता जवळ जाऊन एकदाच सांगायचं आणि दिवसातून एखादं तरी वाक्य असं बोलायचं की ज्यात प्रश्नही नाही, हुकूमही नाही. गेमबद्दल त्यालाच विचारा म्हटलं, कारण ऑनलाइन मॅच मधेच पॉज होत नाही, "आत्ता बंद कर" म्हटलं की भांडण नक्की, "ही मॅच झाली की" म्हटलं की निम्मं टळतं. झोपेचंही तसंच, या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते आणि गरज मात्र 8 ते 10 तासांची असते, म्हणून वेळ एकदम न ओढता थोडी थोडी अलीकडे आणायची. आणि हो, सुरुवातीला दार जास्त आपटलं गेलं. ते होतंच, जुनी युक्ती चालेना की मुलं आधी ती जोरात करून बघतात, तेवढ्यात घाबरून माघार घेऊ नका.

काही आठवड्यांनी सेशन चालू असताना मागून आवाज आला, "आज माझं काय चाललंय?" मी म्हटलं, "आज तुझा विषयच नाहीये." तो अर्धा फ्रेमच्या बाहेर, तिथेच उभा राहिला. पुढे त्याने स्वतःहून विचारलं, कॅमेरा बंद ठेवून टाइप करून बोललं तर चालेल का. चालेल की! त्याला एकदाही बोलवावं लागलं नाही याचा मला आतून आनंद आहे, लपवत नाही.

फक्त पालकांना भेटून मुलात फरक पडतो हा काही माझा एकटीचा अनुभव नाही. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांच्या टीमने चिंतेचा त्रास असलेल्या 124 मुलांवर केलेला अभ्यास 2020 मध्ये छापून आला, निम्म्या मुलांना थेट थेरपी, उरलेल्यांच्या बाबतीत फक्त आईवडिलांशी काम, आणि सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखी. तो चिंतेबद्दल आहे, गेमिंगबद्दल नाही, पण दिशा कळते.

मात्र मूल स्वतःला इजा करत असेल, मरणाची भाषा बोलत असेल, खाणंपिणं तुटलं असेल तर माझी लिंक शोधत बसू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे प्रत्यक्ष जा. घरात मारहाण असेल तर घरातूनच केलेला व्हिडिओ कॉल सुरक्षित नसतो, शेजारच्या खोलीत कोण ऐकतंय ते मला दिसत नाही, तेव्हा दुसऱ्या जागेवरून बोला.

बाकी मुलाला कसं सांगायचं हे विचारणाऱ्यांसाठी, "ये जरा, नेट चालत नाहीये" असं फसवून त्याला स्क्रीनपुढे आणू नका, ते पुढे फार महागात पडतं. सरळ सांगा, "मी एका समुपदेशक बाईंशी बोलणार आहे, माझी फार चिडचिड होते म्हणून. तुला यायचं तर ये, काय बोललास ते त्या मला सांगणार नाहीत, फक्त तुझ्या जिवाला धोका वाटला तरच सांगतील." तो नाही म्हणाला तर ठीक आहे म्हणा आणि ठरलेल्या वेळेला तुम्ही बसा.