आफ्रिकेतील अभयारण्यात पायी किंवा सायकलने फिरता येते का?

बहुतेक उद्यानांत वाहनातून उतरण्यासच मनाई असते. मात्र केनियातील नैवाशा सरोवराजवळचे, १९८४ साली स्थापन झालेले आणि जेमतेम ६८ चौरस किलोमीटरचे हेल्स गेट राष्ट्रीय उद्यान याला ठळक अपवाद आहे. तेथे सिंह-हत्तींचा नेहमीचा वावर नसल्यामुळे पायी वा भाड्याच्या सायकलने फिरण्यास परवानगी आहे. एल्सा प्रवेशद्वारातून आत शिरताच सुमारे २५ मीटर उंचीचा फिशर्स टॉवर हा ज्वालामुखीजन्य सुळका लागतो, ज्याच्या पायथ्याशी सशाएवढे हायरॅक्स ऊन खात बसलेले असतात. पुढे कच्च्या रस्त्याच्या दुतर्फा झेब्रे, जिराफ आणि रानडुकरे चरताना दिसतात.

खरी भीती रानम्हशींची. कळप दिसल्यास थांबावे, भरपूर अंतर राखावे आणि छायाचित्राच्या मोहाने पुढे सरकू नये. उद्यानातल्या खोल घळीत अचानक येणाऱ्या पाण्याच्या लोंढ्याने २०१२ आणि २०१९ मध्ये पर्यटकांचे बळी घेतले असल्याने, वरच्या भागात पाऊस असताना तेथे उतरणे हा निव्वळ अविचार ठरेल, मग आपल्या डोक्यावर कितीही लख्ख ऊन असो. सायकल घेताना ब्रेक स्वतः तपासावेत. धूळ आणि खडी दोन्ही भरपूर आहेत.