देवळाला पाठ, नदीला तोंड

प्रश्न : बाई, नमस्कार. दिवाळीनंतर पुण्याची बहीण मुलांना घेऊन आमच्याकडे येतेय. समुद्र त्यांचा दर वर्षी बघून होतो, म्हणून यंदा तांबडी सुर्लाच्या रानातल्या जुन्या महादेवाच्या देवळाला न्यायचं ठरवलंय. सोबत 72 वर्षांची आई, तिचे गुडघे दुखतात. धाकटा भाचा आत्तापासून 'मला गवा दाखव' म्हणून मागे लागलाय. एका दिवसात होईल का? (एक वाचक, पर्वरी)

उत्तर : दिवस कशाला, अर्ध्या दिवसात होईल. तीच तर पंचाईत आहे. पणजीहून जेमतेम 65 किलोमीटर, त्यामुळे लोक अकराला पोचतात, पिंडीला हात जोडतात, देवळासमोर फोटो काढतात आणि वीस मिनिटांत 'दूधसागर इथून किती लांब हो?' असं विचारत गाडीत बसतात. मी फोंड्याच्या शाळेत 31 वर्षं इतिहास शिकवला. पहिल्या दोन सहली मीही अशाच उरकल्या, म्हणून हे हक्काने बोलते.

पहाटे साडेपाचला निघा. तिस्क उसगावला भाजी-पाव खाऊन घ्या आणि आईसाठी एखादा बन बांधून घ्या. पुढे धारबांदोडा, साकोर्डा, बोळकर्णे. बोळकर्णे सोडलं की रान दोन्ही बाजूंनी जवळ यायला लागतं. तिथे गाडीतली गाणी बंद करा, काचा खाली घ्या. गाडी ठेवतात तिथून देवळापर्यंतची वाट सपाट आणि थोडीच आहे, आईंना काठी असली तर अडचण नाही. देवळाच्या बाजूने नदीवर उतरायला पायऱ्या आहेत, त्या मात्र शेवाळलेल्या असू शकतात. आईंना वरच सावलीत बसवा. मोबाईलला रेंज मिळेल असं धरून चालू नका. डबा घरून न्या आणि पिशवीचं तोंड बांधून ठेवा. माकडांना सहलीचा वार कळतो, असा माझा पक्का समज आहे.

आता गवा. हा सगळा भाग भगवान महावीर अभयारण्यात येतो, 240 चौरस किलोमीटर, मोले राष्ट्रीय उद्यान त्याच्याच पोटात. गवा गोव्याचा राज्यप्राणी, पण पाहुणे आले म्हणून तो काही रस्त्यावर येऊन उभा राहत नाही. 31 वर्षांत मला तो या रस्त्यावर चारदा दिसला, तेही पहाटे किंवा तिन्हीसांजेला. दिसलाच तर गाडीतून उतरू नका, हॉर्न वाजवू नका. एकटा नर असेल तर अंतर आणखी वाढवा. भाच्याला गव्यापेक्षा शेकरू शोधायला लावा. मान वर करून उंच झाडांच्या शेंड्यांकडे बघत राहायचं. फांदीवरून लोंबणारी झुबकेदार लांब शेपटी आधी दिसते, बाकीचा प्राणी मागाहून. खाली अर्धवट कुरतडलेली फळं पडलेली असली तर तो वरच असतो. डोक्यावरून वाफेच्या इंजिनासारखा पंखांचा भसभस आवाज गेला तर तो माडगरुड, पुण्याच्या मंडळींना धनेश सांगा म्हणजे कळेल.

आणि निघण्याआधी अर्धा तास नदीत पाय सोडून बसा. तिला कोणी सुर्ल नदी म्हणतात, कोणी रगाडो. पुढे तिचं पाणी मांडवीला जातं. काठावरच्या दगडावर, देवळाला पाठ करून बसलात तरी महादेव रागावणार नाही. तो तिथे राहायला आला तो या नदीमुळेच, असं मला वाटतं.

प्रश्न : आपला गोवा सगळा तांबड्या चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याचा, मग तांबडी सुर्लाचं हे देऊळ काळ्या दगडाचं कसं? आणि खांबावर घोड्याला तुडवणारा हत्ती आहे, तेच गोव्याच्या जुन्या कदंब राजांचं राजचिन्ह असं तिथे एक जण सांगत होता. खरं का? (महाविद्यालयीन वाचक, म्हापसा)

उत्तर : पहिला प्रश्न विचारल्याबद्दल तुला वर्गात दोन गुण जास्त दिले असते. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेत टणक होतो, घराच्या भिंतीला त्यासारखा दगड नाही. पण अंगाने तो सच्छिद्र. त्याच्यात कमळाची पाकळी कोरायला गेलीस तर पाकळीच्या जागी भोक पडेल. काळा बसाल्ट दाट कणांचा, छिन्नीची बारीक रेघसुद्धा धरून ठेवतो. हा दख्खनचा दगड, गोव्यात तो ईशान्येच्या कोपऱ्यात, घाटाच्या बाजूलाच तेवढा सापडतो. म्हणून हा दगड घाटावरून खाली आणला असं मानतात. चोर्ला घाटात गाडी पहिल्या गिअरवर टाकतेस ना, तेव्हा आठव.

देऊळ कदंबांच्या काळातलं, 12व्या-13व्या शतकातलं. इतकं लहान आहे की पहिल्यांदा बघणारा थोडा हिरमुसतो. सभामंडप, अंतराळ म्हणजे मधली छोटी जागा, गर्भगृह, संपलं. शिखर अपुरं, मंडपातल्या नंदीला डोकं नाही. तोंड पूर्वेला, म्हणजे डोंगर ओलांडून आलेलं ऊन सरळ आत शिरतं. मंडपात उभी राहून मान वर कर, छतात आठ पाकळ्यांचं कमळ दिसेल. माझ्या एका विद्यार्थ्याने ते बघायला फरशीवर उताणी लोळण घेतली होती. मी रागावले, आणि पुढच्या वर्षी कोणी बघत नाही असं पाहून स्वतःही तसंच केलं. कमळ बघायची खरी रीत तीच.

आता हत्ती. तो एका खांबाच्या पायथ्याशी आहे, वाकून बघावं लागतं. राजचिन्ह म्हणून तो सगळेच दाखवतात, मीही पोरांना बरीच वर्षं तेच सांगत होते. पण गोव्याच्या कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह आहे. आपल्या सरकारी कदंब बसवरही सिंहच आहे, रोज बघून आपण विसरतो. तेव्हा हत्तीला मी शिल्प म्हणते, राजचिन्ह म्हणायला माझी जीभ वळत नाही. कदंबांची राजधानी आधी चंद्रपूर, म्हणजे आजचं चांदर, मग गोपकपट्टण, म्हणजे गोवा वेल्हा. तिथे आज त्यांचं एवढं धडधाकट काही उभं नाही.

हेच का उरलं? तिसवाडी, बार्देश, सासष्टी या तालुक्यांतली देवळं 16व्या शतकात पोर्तुगीजांनी पाडली. कदंबांचा कुलदेव सप्तकोटेश्वर दिवाडी बेटावरून नदीपलीकडे नार्व्याला गेला, तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 साली नव्याने बांधवलं. आपल्या या घाटाच्या पायथ्याकडचा मुलूख मात्र पोर्तुगीजांकडे 18व्या शतकाच्या उत्तरार्धात आला आणि तोवर त्यांची देवळं पाडण्याची खोड सुटली होती. शिवाय रान दाट. आडबाजूला असण्याचा असाही एक फायदा.

प्रश्न : आम्ही सहा मित्र जुलैमध्ये देवळामागच्या जंगलातून धबधब्यावर जाणार आहोत. वाटाड्या लागेल का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : जुलैत जाऊच नका. वन खात्याने परवानगी दिली तर आणि तेव्हाच, त्यांनी नेमून दिलेल्या माणसाबरोबर, आणि शक्यतो ऑक्टोबरनंतर. वाट रानातली आहे, पाणी ओलांडावं लागतं, पावसाळ्यात जळवा इतक्या की मोजे काढून पिळावेत. पण जळवांनी कोणी मरत नाही.

खरी भीती पाण्याची. एका सप्टेंबरला मी आठवीचा वर्ग घेऊन देवळापाशी होते. लख्ख ऊन. मुलं घोट्याएवढ्या पाण्यात, तळ स्वच्छ दिसतोय, बारीक मासे पायाला टोचतायत म्हणून मुली किंचाळतायत. काठावर गुरं राखणारे एक आजोबा बसले होते. ते उठून म्हणाले, "बाय, उदक बदललां. भुरग्यांक वयर हाडात." म्हणजे पाणी बदललंय, पोरांना वर आणा. मला काहीच बदललेलं दिसेना. मग त्यांनी बोट दाखवलं. पाण्यावर सुकी पानं आणि काटक्या यायला लागल्या होत्या, तळ थोडा धुरकट झाला होता. मी शिटी वाजवली. 43 मुलं वर आली, मोजली, परत मोजली. पाचेक मिनिटांत मुलं उभी होती तो दगड पाण्याखाली होता आणि नदी लाल. आमच्या डोक्यावर तेव्हाही ऊनच होतं. पाऊस वर घाटमाथ्यावर पडला होता, आणि एवढ्या अरुंद दरीत ते पाणी पसरायला जागा नाही, ते उंचच होणार. त्या दिवशी दोष माझा होता, आकाश बघितलं आणि नदी बघितली नाही. आजोबांचं नाव विचारायचंही सुचलं नाही.

मोल्याच्या डेव्हिल्स कॅनियनबद्दलही तुमच्या पत्रात शेवटी विचारलंय. तिथे पाण्याने खडक आतून कोरलाय, वरून संथ दिसतं, खाली भोवरे. बघा, पोहू नका.

प्रश्न : माकडतापामुळे सासूबाई आम्हाला रानात जाऊ देत नाहीत. त्यांचं बरोबर की आमचं? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : अर्धं त्यांचं. सत्तरी तालुक्यात 2015 पासून हा ताप माहीत आहे. तो गोचिडींमुळे होतो आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे. तेव्हा अंगभर कपडे, पायजमा मोज्यात खोचलेला, सुक्या पाल्यावर बसणं-लोळणं नाही, आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात घाला, आंघोळ करताना काखा आणि गुडघ्यामागची जागा तपासा. नंतर ताप भरला तर डॉक्टरांना 'रानात गेलो होतो' हे आधी सांगा. एवढं कबूल करून सासूबाईंनाच बरोबर न्या. देवळापर्यंतची वाट सपाट आहे, ते मी वर सांगितलंच आहे.