एकच दिवस असेल तर स्टर्लिंग गाठा

पहिल्यांदाच स्कॉटलंडला जाताय आणि हाताशी एकच दिवस आहे, तर माझं ऐका: एडिनबरोहून लॉख नेस सरोवराची टूर घेऊ नका. बारा तासांतला बराचसा वेळ बसमध्येच जातो. (आणि नेसी, म्हणजे त्या सरोवरातला दंतकथेतला राक्षसी प्राणी, दिसत नाही.)

इतिहास समजून घ्यायचाय ना? मग किल्ल्याचं शहर स्टर्लिंग. एडिनबरोहून ट्रेनने तासाभराचा रस्ता. आपल्याकडचे गड पाहिलेल्या माणसाला तटावर उभं राहिलं की लगेच उमगतं, हा किल्ला ज्याच्याकडे, त्याच्याकडे उत्तरेची वाट. खाली फोर्थ नदी. तिथल्याच पुलावर १२९७ मध्ये विल्यम वॉलेस आणि अँड्र्यू मरे या स्कॉटिश सेनानींनी इंग्रजांना हरवलं. १३१४ मध्ये स्कॉटिश राजा रॉबर्ट द ब्रूसने जिंकलेली लढाई जिथे झाली, ते बॅनकबर्नही जवळच. किल्ल्याला निवांत अर्धा दिवस द्या.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- स्कॉटिश माणसाला 'इंग्लिश' म्हणणं. कृपा करून नको!
- १७४६ ची कलोडनची लढाई म्हणजे स्कॉटिश विरुद्ध इंग्रज, असं धरून चालणं. बंडखोरांविरुद्ध लढणाऱ्या सरकारी सैन्यातही स्कॉटिश लोक होते.
- प्रत्येक घराण्याचं टार्टन (चौकटींचं खास कापड) प्राचीन समजणं. आजची बरीच ठरावीक डिझाइन्स एकोणिसाव्या शतकातली आहेत.

राजांच्या वंशावळी आत्ता पाठ करू नका. जुलैत जाणार असाल तरी रेनकोट घ्या, छत्री वाऱ्यात टिकत नाही. गाइडला प्रश्न मात्र भरपूर विचारा, ते खुलून बोलतात.