संसदेत २३० मतांनी हरूनही थेरेसा मे ब्रिटनच्या पंतप्रधानपदावर कशा राहिल्या? त्यांचा वचक नेमका कधी संपला?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे पहिल्याचं सोपं होईल.

मे यांचा वचक संपला ८ जून २०१७ च्या रात्री, मुदतपूर्व निवडणुकीच्या निकालाबरोबर. तेव्हा ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्याच्या कराराचा मसुदासुद्धा नव्हता. १५ जानेवारी २०१९ ला संसदेने त्यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ असा पाडला, तो दीड वर्षाने झालेला पंचनामा होता.

मी त्या काळात नोकरीनिमित्त मे यांच्या मेडनहेड मतदारसंघाच्या शेजारीच राहत होतो. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवरही तिथे मतदान करता येतं, २०१६ च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतातही करता आलं. ऑफिसातल्या फ्रेंच सहकाऱ्याला मात्र नाही, आणि प्रश्न तर त्याच्याच पोटापाण्याचा होता. ही गंमत आम्ही मराठी मंडळी बरेच दिवस चघळत होतो. असो.

तर २०१७. मार्च २९ ला मे यांनी कलम ५० ची, म्हणजे बाहेर पडत असल्याची नोटीस युरोपियन युनियनला दिली आणि दोन वर्षांचं घड्याळ सुरू झालं. संसदेत त्यांच्या हुजूर पक्षाला काठावरचं का होईना, बहुमत होतं. जनमत चाचण्यांत पक्ष मजूर पक्षाच्या वीसेक टक्के पुढे दिसत होता. ते बघून, 'मुदतपूर्व निवडणूक नाही' असं महिनोन्महिने सांगत आलेल्या बाईंनी तीनच आठवड्यांत निवडणूक जाहीर केली. ब्रसेल्सशी, म्हणजे युरोपियन युनियनशी बोलताना पाठीशी भक्कम बहुमत हवं, हे कारण. खुंटा हलवून बळकट करायला गेल्या आणि खुंटाच हातात आला. प्रचारात 'स्ट्राँग अँड स्टेबल'चा जप चालू होता. त्यातच वृद्धांच्या घरी होणाऱ्या देखभालीच्या खर्चासाठी त्यांच्या घराची किंमतही धरायची, असं कलम जाहीरनाम्यात निघालं. विरोधकांनी त्याचं 'डिमेन्शिया टॅक्स' असं बारसं केलं. चार दिवसांत मे यांनी माघार घेतली, आणि वर पत्रकारांना सांगितलं की काहीही बदललेलं नाही! निकालात ३१७ जागा, बहुमताला ३२६ हव्या होत्या.

ही तूट त्यांनी कुणाकडून भरून काढली, यात पुढच्या सगळ्या दुखण्याचं मूळ आहे. उत्तर आयर्लंडमधल्या डीयूपी या, ब्रिटनशी जोडलेलं राहायचं म्हणणाऱ्या पक्षाच्या दहा खासदारांकडून. मोबदल्यात उत्तर आयर्लंडसाठी १०० कोटी पौंडांचा जादा निधी. आणि वाटाघाटीतली सगळ्यात अवघड गाठ कुठे होती? तिथेच. ब्रिटन बाहेर पडलं की उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातली पाचेकशे किलोमीटरची सीमा युरोपियन युनियनची बाहेरची सीमा होणार. तिथे पुन्हा तपासणी नाके उभे राहिले, तर १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर आलेली शांतता धोक्यात. मग नाके न्यायचे कुठे? समुद्रात, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि बाकी ब्रिटन यांच्यामध्ये नेले, तर डीयूपी भडकणार. आख्खं ब्रिटनच युरोपच्या जकात व्यवस्थेत ठेवलं, तर हुजूर पक्षातले कट्टर ब्रेक्झिटवाले म्हणणार, मग बाहेर कशाला पडलो? दोन्ही गटांची मतं मे यांना रोज हवी होती.

याचा पहिला जाहीर तमाशा ४ डिसेंबर २०१७ ला झाला. ब्रसेल्समध्ये युरोपियन आयोगाचे अध्यक्ष युंकर यांच्यासोबत दुपारचं जेवण होतं, मजकूर जवळजवळ ठरला होता. तिकडे बेलफास्टमध्ये डीयूपीच्या नेत्या आर्लिन फॉस्टर यांनी कॅमेऱ्यांसमोर येऊन सांगितलं की आम्हाला हे चालणार नाही. मे जेवणावरून उठल्या, फोन केला, परत आल्या. त्या दिवशीचा समझोता बारगळला. चार दिवसांनी शब्दांची फिरवाफिरव करून काम भागवलं खरं, पण समोरच्यांना कळायचं ते कळलं: सहीचा अधिकार टेबलावर बसलेल्या बाईंकडे नाही.

काही जण म्हणतात, दुबळेपणा हेही वाटाघाटीतलं हत्यार असतं. 'माझी संसद ऐकत नाही हो, अजून थोडं द्या.' बरोबर आहे. पण मग समोरचा विचारतो, हे दिलं तर पास होईल ना? मे यांना ते कधीच छातीठोकपणे सांगता आलं नाही. जुलै २०१८ मध्ये चेकर्स या पंतप्रधानांच्या ग्रामीण निवासस्थानी मंत्रिमंडळाने एकमताने मान्य केलेली योजना दोन दिवस टिकली. ब्रेक्झिटमंत्री डेव्हिड डेव्हिस गेले, पाठोपाठ परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन. नोव्हेंबरमध्ये ५८५ पानी करार मंत्रिमंडळाने स्वीकारला, तर दुसऱ्याच दिवशी डेव्हिस यांच्या जागी आलेले डॉमिनिक राब यांचा राजीनामा. ज्याच्या खात्याचा करार, त्यालाच तो नको! १४ डिसेंबरला ब्रसेल्सच्या परिषदेत मे तावातावाने युंकर यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या कॅमेऱ्यांनी टिपल्या. आवाज नव्हता, पण ओठांवरून लोकांनी ताडलं की तुम्ही मला मोघम म्हणालात का, असं त्या विचारतायत. मी ब्रिटनमधल्या चर्चेला म्हणालो, तुम्हाला नाही, असा युंकर यांचा खुलासा होता. माझ्या मते तो प्रामाणिक असावा. ब्रिटनला काय चालेल याचं उत्तर लंडनमध्येच कुणाकडे नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता तुमचा पहिला प्रश्न. २३० मतांनी हरूनही टिकल्या कशा?

एक तर, महिनाभर आधीच, १२ डिसेंबरला, त्यांच्याच पक्षातल्या विरोधकांनी नेतृत्वावर अविश्वास आणला होता. मे २०० विरुद्ध ११७ ने जिंकल्या, आणि पक्षाच्या नियमाप्रमाणे पुढचं वर्षभर तसा ठराव आणता येत नव्हता. बंडखोरांनी घाई करून स्वतःचंच हत्यार बोथट केलं. दुसरं, २०११ च्या कायद्याने विश्वासदर्शक ठराव वेगळा काढला होता. पूर्वी पंतप्रधान महत्त्वाच्या विधेयकालाच विश्वासाचा प्रश्न बनवून 'हे पाडलंत तर निवडणूक' अशी तंबी देऊ शकत. ती सोय गेली. त्यामुळे १५ जानेवारीला हुजूर पक्षाच्या ११८ खासदारांनी करार पाडला आणि १६ तारखेला तेच खासदार सरकार वाचवायला हजर! ३२५ विरुद्ध ३०६. डीयूपीचे दहा तिकडे गेले असते तर सरकार एका मताने पडलं असतं.

आपल्याकडच्या वाचकाला हे अजब वाटतं, कारण आपल्याकडे व्हिप मोडला की पक्षांतरबंदी कायद्याखाली खासदारकीच जाऊ शकते. तिथे फार तर पक्ष हाकलतो, खासदारकी शाबूत राहते. शिवाय करार मार्गी लागेपर्यंत ती खुर्ची कुणाला नकोच होती. गादी सगळ्यांना हवी, पण हे भिजत घोंगडं त्यांच्या गळ्यात राहू दे, असा हिशोब.

मार्चमध्ये तर हसावं की रडावं कळेना. १४ मार्चला ब्रेक्झिटच्या मुदतवाढीच्या सरकारी ठरावाच्या बाजूने ब्रेक्झिटमंत्री स्टीव्ह बार्कली यांनी भाषण केलं, सभागृहाला ठराव मंजूर करण्याची शिफारस केली, आणि मग जाऊन विरोधात मत दिलं. तरीही मंत्रिपदावर कायम! ज्या पंतप्रधानाला अशा मंत्र्याला घरी पाठवता येत नाही, त्याच्याकडे उरलं काय? २७ मार्चला खासदारांनी स्वतःच ब्रेक्झिटचे आठ पर्याय मतदानाला टाकले. एक ना धड, भाराभर चिंध्या, आठही पडले. त्याच संध्याकाळी मे यांनी स्वपक्षीयांना सांगितलं की करार पास करा, मी जाते. २९ मार्चला, म्हणजे मुळात बाहेर पडायच्या दिवशीच, तिसऱ्यांदा हरल्या, ३४४ विरुद्ध २८६.

मग दोष कुणाचा? नियम, आकडे, डीयूपी, सगळं मान्य. तरीही मी त्यांना मोकळं सोडणार नाही. युरोपची एकल बाजारपेठही सोडायची, जकात संघही सोडायचा, ही लक्ष्मणरेषा त्यांनी जानेवारी २०१७ मध्ये, बहुमत असताना आखली. बहुमत गेल्यावर ती पुसायला हवी होती. मजूर पक्षाशी बोलायची वेळ होती जून २०१७. बाई बोलायला गेल्या एप्रिल २०१९ मध्ये, तीनदा हरल्यावर. तेव्हा मजूर पक्षाचे नेते कॉर्बिन यांनी तरी का हात द्यावा? दीड महिन्यात ती बोलणी फिसकटली आणि २४ मे रोजी त्यांनी राजीनामा जाहीर केला.

नोव्हेंबर २०१८ मध्ये डीयूपीच्या अधिवेशनात जाऊन जॉन्सन यांनी टाळ्या घेतल्या होत्या की समुद्रातल्या सीमेला कुठलंही हुजूर सरकार मान्यता देऊ शकत नाही, देताही कामा नये. पंतप्रधान झाल्यावर तीनच महिन्यांत त्यांनी जो करार आणला, त्यात तपासणी समुद्रातच गेली. डीयूपीने थयथयाट केला, पण डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत ८० चं बहुमत मिळाल्यावर जॉन्सनना त्यांच्या मतांची गरजच उरली नव्हती.