पहिलं जहाज: गुराब नको, मचवा घे

गुराबेचं, म्हणजे मराठा आरमारातल्या मोठ्या लढाऊ जहाजाचं चित्र बघून तुला जहाजाची लाकडी छोटी प्रतिकृती बनवायचा हुरूप आला, छान झालं. पण दोन-तीन डोलकाठ्यांचं जहाज आत्ताच नको. एका डोलकाठीचा मचवा, म्हणजे लहान शिडाची होडी घे, तो हातून पुरा होईल.

धारदार कटर, स्टीलची पट्टी, पॉलिश पेपर, फेविकॉल आणि कपड्यांचे भरपूर चिमटे, एवढ्यावर भागतं. मशीन आत्ता घेऊ नकोस. सागवानापेक्षा शिवणीचं लाकूड मऊ, कापायला सोपं. वखारीत तुकडे विचार.

खरं काम फासळ्यांचं, म्हणजे कण्यावर आडव्या बसणाऱ्या सांगाड्याच्या तुकड्यांचं; त्यांच्यावर बाहेरून लाकडी पट्ट्या चिकटवायच्या. नवखे इथंच घाई करतात:

- फासळ्यांच्या कडा तिरक्या घास. लाकडी पट्टी पूर्ण रुंदीनं टेकली पाहिजे, नाहीतर नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, ती उचलतेच.
- एक पट्टी डावीकडं, एक उजवीकडं लाव. एकच बाजू भरलीस तर कणा, म्हणजे तळाचा मधला लांब तुकडा, पिळतो.

पट्टी पाण्यात भिजवून वाकव, चिमट्यांनी धरून सुकव, मगच चिकटव. ओली चिकटवलीस तर नंतर आकसून फटी पडतात. जुलैत आपल्या बेळगावात रात्रभरात काही सुकत नाही, दोन दिवस दे की!

शिडं, दोर, तोफा नंतर बघू. फासळ्या उभ्या झाल्या की पट्ट्या लावण्याआधी मला दाखव.