फुलाचा ठसा स्वच्छ उठण्यासाठी

नवा क्लिअर स्टॅम्प (पारदर्शक, लवचीक ठसा) आधी खोडरबराने हलका घासा. वरचा तेलकट थर राहिला तर शाई थेंबाथेंबाने गोळा होते आणि पाकळीत पांढरे ठिपके उरतात. कार्डशीट 250 ते 300 जीएसएमची (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाची), गुळगुळीत घ्या. ठसा सरळ दाबा, सरळ उचला. जरा हलला की देठ दुहेरी दिसतो.

एम्बॉसिंग, म्हणजे ओल्या शाईवर पावडर टाकून ती वितळवून उठावदार ठसा करणार असाल तर कागदावर आधी टाल्कमचा बोळा फिरवा, म्हणजे पावडर नको तिथे चिकटत नाही. शाई पिगमेंटची (रंगकणांची) हवी, ती सावकाश वाळते आणि पावडर धरून ठेवते. हेअर ड्रायर वापरूच नका: वाऱ्याने पावडर उडते आणि वितळण्याइतकी उष्णताही मिळत नाही. हीट गन (खूप गरम हवा सोडणारे साधन) घ्या. दाणेदार रेघ चकचकीत झाली की लगेच पुढे सरका. जास्त तापली की ती कागदात मुरते, उठाव जातो.