महागडं घड्याळ घालून शिडाच्या बोटीवर जावं का?

तुम्ही विचारलंय की ऑफिसच्या लोकांसोबत मुंबईला शिडाची बोट शिकायला चाललात, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं ऐंशी हजारांचं घड्याळ आहे, मागच्या झाकणावर ‘5 एटीएम, 50 मीटर’ असं कोरलंय, तर ते घालावं का.

नका घालू, भाऊ. फोटोच पाहिजे असेल तर धक्क्यावर काढा अन् घड्याळ बॅगेत ठेवा.

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान भंडारा जिल्ह्यात आहे. मुंबईचा समुद्र इथून आठ-नऊशे किलोमीटर. पण गोसेखुर्द धरणाचं बॅकवॉटर जवळ आहे, त्यामुळे पाणी गेलेली घड्याळं माझ्या टेबलावर कायम असतात. मालक येतो तो एकच वाक्य घेऊन: ‘यावर तर पन्नास मीटर लिहिलंय!’

तो आकडा खोटा नसतो. नव्या घड्याळाचा नमुना तेवढ्या दाबाखाली तपासतात. एटीएम म्हणजे वातावरणाच्या दाबाचं माप. 10 मीटर पाण्याचा दाब साधारण 1 एटीएम, म्हणून 5 एटीएमला 50 मीटर. हात जोरात हलवला की दाब कितीतरी पट वाढतो, असं इंटरनेटवर वाचाल. ते फुगवून सांगतात. सेकंदाला 3 मीटर वेगाने हात पाण्यात फिरवला, तरी वाढणारा दाब अर्धा मीटर खोलीएवढाही होत नाही.

पाणी जातं ते रबरामुळे. मागच्या झाकणाखाली आणि वेळ लावायच्या चाबीच्या दांडीवर रबराच्या बारीक रिंगा असतात. घाम, ऊन अन् वर्षं यांनी त्या कडक होतात, चपट्या होतात. त्यातच स्टँडजवळच्या टपरीवर सेल बदलायला झाकण उघडलं, रिंग पिळून बसली किंवा तिच्यावर केस अडकला, की 50 मीटर संपले. झाकणावरचा आकडा मात्र तसाच राहतो. तुमचं लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली असतील अन् सेल एकदा तरी बदलला असेल, तर ते घड्याळ वॉटरप्रूफ धरूच नका.

आमच्याकडे मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात घड्याळ तापतं, मग माणूस तसाच हात तलावात घालतो. आतली हवा गार होऊन आकसते आणि ढिल्या रिंगेतून पाणी आत ओढते. सकाळी काचेच्या आतून वाफ दिसते, तेव्हा लोक येतात. गोडं पाणी असलं तर दोन दिवसांत आणलेलं मशीन बहुतेक वेळा वाचतं. खारं पाणी तेवढी सवड देत नाही.

पण बोटीवर पाण्यापेक्षा मला पट्ट्याच्या पिनेची जास्त भीती वाटते. पट्टा घड्याळाला धरून ठेवतात त्या दोन बारीक स्प्रिंगच्या पिना. शिडाच्या बोटीवर सतत दोर ओढायचे असतात, दिशा बदलताना बूम म्हणतात तो आडवा दांडा डोक्यावरून जातो, अन् माणूस एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सरपटतो. दोराचा फास घड्याळात अडकला की एक तर पिन सुटते, नाही तर मनगट सोलून निघतं. घड्याळ पडलंच तर मुंबईच्या त्या गढूळ पाण्यात शोधणार कोण? आमच्या गावचे धिवर, म्हणजे मासेमार, डोंग्यावरून जाळं फेकण्याआधी हातातलं कडंसुद्धा काढून ठेवतात.

शर्यतीत मात्र घड्याळ लागतंच. सुरुवातीच्या 5 मिनिटं आधी पहिला इशारा होतो, मग 4 आणि 1 मिनिटाला, अन् बोट शून्यावर रेषेपाशी पाहिजे. त्यासाठी उलटी मोजणी करणारं प्लास्टिकचं डिजिटल घड्याळ पुरतं, अन् ते हरवलं तर कोणी जेवण सोडत नाही. कॅसिओचं जी-शॉक 1983 पासून मिळतंय, 200 मीटरचं असतं, धक्के खातं. तुम्ही तर शिकायला चाललात, वेळ शिकवणारा सांगेल.

समुद्रावरच्या घड्याळांत सगळ्यात नावाजलेलं म्हणजे इंग्रज कारागीर जॉन हॅरिसनचं एच-4. 1761 मध्ये ते जहाजाने जमैकाला निघालं आणि रोजचा ठरलेला फरक वजा करता अडीच महिन्यांहून जास्त काळात फक्त 5 सेकंद मागे पडलं. तेही कोणाच्या मनगटावर नव्हतं. दीड किलोच्या आसपास वजन, गादी घातलेल्या पेटीत ठेवलेलं.

एवढं सांगूनही सासऱ्यांचा मान म्हणून घालायचंच असेल, तर जायच्या आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला देऊन रिंगा बदला अन् दाबाची चाचणी करून मागा. चामड्याचा पट्टा काढा. दोन्ही पिनांमधून ओवलेला एकसंध नायलॉनचा पट्टा लावा, म्हणजे एक पिन सुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेला लटकून राहतं. चाबी पूर्ण आत दाबलेली किंवा पेचाची असली तर कसलेली पाहिजे, आणि ओल्या हाताने तिला शिवायचं नाही. परत आल्यावर चाबी बंद असल्याची खात्री करून नळाच्या साध्या पाण्याने धुवा. काचेत वाफ दिसली तर तांदळाच्या डब्यात पुरू नका बाप्पा, त्याच दिवशी मुंबईतच कारागिराकडे द्या. गावी येईपर्यंत मीठ आपलं काम करून मोकळं होतं.